मज्जारज्जूची दुखापत आणि समदुःखी सोबती

झाडावरून पडणें, मोटारीचा अपघात, उथळ पाण्यांत मारलेला सूर, बंदुकीची गोळी. कारण कोणतेंहि असो, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूला जबर इजा झाली म्हणजे त्या जागेपासून खालचें शरीर मेंदूच्या हुकमतींतून निसटतें. पाय चालत नाहींत हें सर्वांना दिसतें. पण मूत्राशय व आंतडीं यांवरील ताबा जातो, कातडीला चटका कळत नाहीं, हें न दिसणारें दुःख पायांच्या दुःखाहून पुष्कळदां भारी असतें. चिरडलेला मज्जारज्जु पूर्ववत् करणारी विद्या अद्याप वैद्यकाच्या हातीं आलेली नाहीं. अशा स्थितींत जगणारीं माणसें जगांत दीड कोटींहून अधिक आहेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं सांगितलें आहे.

श्रोतेहो, या रोग्यांची शुश्रूषा कशी करावी हा माझा विषय नव्हे. ज्याचा कणा गेल्या महिन्यांत मोडला त्याला, दहा वर्षांपूर्वीं कणा मोडलेला दुसरा मनुष्य काय देऊं शकतो, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

ही देवघेव फार जुनी नाहीं, आणि त्याचें कारण मोठें करुण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं असे बहुतेक जखमी शय्याव्रणांनीं किंवा मूत्रमार्गांतील जंतुदोषानें कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. नव्याला धीर देण्यास जुना जखमी शिल्लकच नसे. हें चित्र पालटलें त्यांत इंग्लंडचा वाटा मोठा आहे. नाझी जर्मनींतून १९३९ सालीं तेथें आश्रयास आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनीं १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळांत कणा मोडलेल्या सैनिकांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. रोग्याला रात्रंदिवस दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें, मूत्रमार्गाची कसोशीनें निगा राखावयाची, आणि शक्य तितक्या लवकर अंथरुणाबाहेर काढून कामाला लावावयाचें, असा त्यांचा शिरस्ता होता. माणसें जगूं लागलीं. मग काल आलेला आणि वर्षापूर्वीं आलेला असे दोघे एकाच छपराखालीं दिसूं लागले.

२९ जुलै १९४८ रोजीं, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, त्या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ जणांनीं धनुर्विद्येचा सामना केला. त्यांत २ स्त्रिया होत्या. त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक खेळ निघाले हें पुष्कळांना ठाऊक असेल. माझ्या मतें मात्र त्या दिवसाचें महत्त्व पदकांपेक्षां निराळें आहे. छताकडे पाहात पडून राहिलेल्या एखाद्याला, आपल्यासारखाच कणा मोडलेला मनुष्य प्रत्यंचा ओढतांना पाहावयास मिळणें, ही गोष्ट कोणत्याहि डॉक्टरला आपल्या पेटींतून काढून देतां आली नसती.

स्वीडनमध्यें हेंच काम १९७६ पासून योजनापूर्वक चालत आलें आहे. तेथल्या संस्थेच्या नांवाचा अर्थच मुळीं 'भरती करणारी मंडळी' असा आहे. स्वतः खुर्चींत असलेले शिक्षक इस्पितळांत जाऊन नव्या जखमींना गांठतात, शिबिरांना नेतात, आणि पायरी कशी उतरावी, खुर्चींतून पडल्यास पुन्हा कसें चढावें, मोटारींत कसें बसावें, हें करून दाखवितात.

आतां कोणी विचारील, हें सारें व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ शिकवूं शकत नाहींत काय? शिकवितात, आणि उत्तम शिकवितात. परंतु पायांवर उभा असलेला मनुष्य 'हें जमतें' असें म्हणाला, कीं ऐकणाऱ्याच्या मनांत येतें, तुमचें काय जातें सांगायला! ज्याचें जळतें त्याला कळतें. शिवाय उपदेश आणि रोजचा व्यवहार यांत बरेंच अंतर असतें. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन दर पंधरा-वीस मिनिटांनीं बूड उचलावें, नाहीं तर तेथें व्रण पडेल, हें डॉक्टर सांगतात. कचेरींत कामाच्या भरांत त्याचें भान कसें ठेवावें, हें रोज कचेरींत जाणाऱ्याकडूनच कळतें. हात स्वच्छ धुऊन रोग्याला मूत्रनलिका स्वतः घालतां येते, त्यासाठीं शस्त्रक्रियागृहाची निर्जंतुकता लागत नाहीं, हें अमेरिकेंतील डॉक्टर जॅक लॅपिडिस यांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें. पण लग्नघरांत अगर आगगाडीच्या प्रवासांत तें कोठें व कसें करावें? मांडीवर चहाचा गरम पेला ठेवून खुर्ची ढकलूं नये, कारण भाजलेलें कळणार नाहीं, हेंहि असाच कोणी सांगतो, आणि बहुधा आपल्या मांडीवरचा वण दाखवून सांगतो. विवाह, अपत्य, नवराबायकोचा सहवास, याविषयींचे प्रश्न तर आईबापांसमोर ओठांवरहि येत नाहींत.

आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथें कणा मोडलेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र आहे. लढायांत आणि अपघातांत जखमी झालेले जवान तेथें सोबतीनें राहतात, आणि खेळ व हस्तव्यवसाय एकमेकांचें पाहून शिकतात. नागरिकाला अशी छावणी सहसा लाभत नाहीं. तो इस्पितळांतून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलींत येऊन पडतो. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अधू झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक खेळांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. तें ऐकून आपली छाती फुगते. पण तीन आठवड्यांपूर्वीं पडलेल्या कारकुनाला, आपल्या हातांनीं सदरा घालून वेळेवर कामाला जाणारा दुसरा कारकूनच अधिक उपयोगी पडतो, असें मला वाटतें.

समदुःखी म्हणजे वैद्य नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. मानेंत किंवा छातीच्या वरच्या भागांत इजा झालेल्याचें डोकें एकाएकीं ठणकूं लागलें, तोंड लाल होऊन घाम सुटला, तर बहुधा मूत्राशय तुंबून रक्तदाब धोक्यापर्यंत चढलेला असतो. अशा वेळीं अनुभवाच्या गोष्टी पुरे कराव्या, त्याला ताठ बसवावें, नळी मुरगळली आहे कीं काय तें पाहावें आणि तत्काळ डॉक्टरांस बोलवावें. दुसरा धोका सोबत्याच्या स्वभावाचा. 'मला जमलें, तुला कां जमूं नये?' असें म्हणणारा येऊं नये हेंच बरें. कमरेच्या इजेला जें साधतें तें मानेच्या इजेला साधेलच असें नाहीं, कारण तेथें हातांतलेंहि बळ गेलेलें असतें.

ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं इस्पितळाच्या व्यायामोपचार विभागांत विचारणा करावी. असे जुने रोगी तेथील मंडळींच्या ओळखीचे असतात. शक्य तों वय आणि इजेची जागा मिळतीजुळती असावी. स्त्रीकडे स्त्रीनेंच यावें. पहिली भेट लहान असावी, आणि रोग्यानें भिंतीकडे तोंड फिरविलें तरी पाहुण्यानें मनावर घेऊं नये. सुशिक्षित घरांत एक खोड फार आढळते. पाहुण्यानें प्रश्न विचारावा रोग्याला, आणि उत्तर द्यावें आईनें! तें टाळावें. चहा आंत ठेवून, दार ओढून घेऊन सर्वांनीं बाहेर बसावें. पाहुण्याबरोबर त्याची पत्नी आली असेल तर फारच चांगलें. रात्रीं दोनदां उठून नवऱ्याला कुशीवर वळविणाऱ्या गृहिणीलाहि, ज्याविषयीं घरांत कोणाजवळ बोलतां येत नाहीं असें पुष्कळ विचारावयाचें असतें.