पांढऱ्या पेशी घटतात तेव्हा

केमोथेरपी घेणाऱ्या आजाऱ्यास आपण प्रेमाने भेटावयास जातो. सर्दी असताना मात्र जाऊ नये, असे आम्हांला कळकळीने सांगावेसे वाटते. रक्तातील न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या, की साधा जंतुसंसर्गही जीवावर बेततो. अशा वेळी अस्थिमज्जेस नव्या पेशी घडविण्यास चेतविणारा जी-सीएसएफ हा वृद्धिघटक टोचतात. त्यातील फिलग्रास्टिम हे औषध अमेरिकेत १९९१ साली मान्य झाले. त्याने अनेकांची हाडे ठणकतात. प्रतिजैविकांची जागा मात्र ते घेत नाही. संसर्ग झाल्यावर सरसकट सर्वांनाच ते देत नाहीत. सेप्सिस, न्युमोनिया अशा गंभीर प्रसंगी डॉक्टर त्याची जोड देतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे लागते.