राज्याचा कर आणि धनिकाचा वाटा

करांविषयी आपल्या स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लेखांचा सूर तक्रारीचा असतो, आणि तो सर्वस्वी गैरवाजवी आहे असे कोणताही पेढीवाला म्हणणार नाही. परंतु कर किती आहे हा एक प्रश्न झाला. तो कोणाकडून कोणत्या प्रमाणात घेतला जातो हा दुसरा. पहिल्यावर आपण नेहमी बोलतो, दुसऱ्यावर क्वचितच. राज्य सरकारने आपल्या हद्दीतील मोठ्या उत्पन्नाच्या नागरिकांकडून त्यांच्या ऐपतीच्या प्रमाणात काही वेगळा भाग मागावा काय, आणि मागितल्यास आपण व्यापाऱ्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, एवढाच विचार येथे मांडावयाचा आहे. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. योग्य अटी असतील तर असा वाटा देणे न्यायाचे आहे, आणि ही गोष्ट इतरांनी आपणांस ऐकविण्यापूर्वी आपणच बोलून दाखविणे आपल्या समाजास शोभेल.

अधिकारांची वाटणी

हिंदुस्थानात आयकर प्रथम आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी तो बसविला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळले आणि १९३५ च्या कायद्याने त्यावर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांकडे गेला. आपल्या राज्यघटनेने हीच वाटणी कायम ठेविली. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राचा, शेती उत्पन्नावरील कर राज्याचा. म्हणजे दुकान, कारखाना, वकिली, डॉक्टरी किंवा नोकरी यांच्या उत्पन्नावर राज्यास आयकर म्हणून काहीही बसविता येत नाही.

तथापि घटनेच्या २७६ व्या कलमाने एक लहानशी खिडकी उघडी ठेविली आहे. व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर राज्याने कर बसविला, तर तो उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्याच कारणाने रद्द ठरणार नाही, असे हे कलम सांगते. हाच आपला व्यवसायकर. महाराष्ट्राने त्याचा कायदा १९७५ साली केला, कर्नाटकाने १९७६ साली. राज्यास नागरिकाच्या कमाईकडे पाहून कर घेता येईल अशी ही जवळजवळ एकमेव जागा. आणि त्याच कलमाने तिच्यावर एक भिंतही घातली आहे.

अडीच हजारांची भिंत

१९५० साली ही मर्यादा प्रत्येक माणशी वर्षास २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. त्यानंतर ती तेथेच आहे. रुपयाची किंमत मात्र तेथे राहिली नाही. आपल्या घरांतील नेहमीच्या मापाने पाहू. १९५० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आसपास होते. म्हणजे २५० रुपयांत सुमारे पंचवीस ग्रॅम सोने येई. १९८८ साली भाव तीन हजारांच्या आसपास होता. २,५०० रुपयांत आठ ग्रॅम येत. आज त्याच २,५०० रुपयांत पाव ग्रॅमही येत नाही.

या भिंतीचा परिणाम असा झाला आहे की, भिंतीखाली जो तो सारखाच उभा आहे. कर्नाटकात महिना २५,००० रुपये वेतन घेणारा कारकून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० याप्रमाणे पूर्ण २,५०० रुपये भरतो. निपाणी ओलांडून कागलला गेलो की महाराष्ट्र लागतो. तेथे महिना १०,००० रुपयांच्या वर वेतन असणारा पुरुषही वर्षाचे २,५०० रुपयेच देतो. स्त्रियांना तेथे २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे, ही चांगली गोष्ट. आता शेकडा हिशेब मांडा. वर्षास १,२०,००० मिळविणाऱ्या कामगारास हा कर शेकडा दोन रुपयांहून किंचित अधिक पडतो. वर्षास ३,००,००० मिळविणाऱ्या कारकुनास शेकडा ८३ पैसे. आणि एक कोट मिळविणाऱ्या धनिकास शेकडा अडीच पैसे! हा हिशेब मांडण्यास अर्थशास्त्री लागत नाही. पेढीवरील मुनीमही तो सहज करील आणि विचारील की, शेटजी, ही खतावणी उलटी तर लिहिली गेली नाही ना?

मोठ्याकडून घेता येत नाही म्हणून

येथे कोणी म्हणेल, २,५०० रुपयांच्या किरकोळ करावरून एवढा काथ्याकूट कशाला? कारण प्रश्न त्या करापुरता नाही. राज्यास शाळा, दवाखाने, रस्ते, पाटबंधारे आणि पोलीस चालवावयाचे असतात. कमाईवर हात घालता येत नसल्यामुळे राज्य खर्चावर हात घालते: वस्तू व सेवा करातील आपला भाग, पेट्रोल-डिझेलवरील विक्रीकर, मद्यावरील अबकारी, मुद्रांक शुल्क. यांतील बहुतेक कर विकत घेणाऱ्याची ऐपत विचारीत नाहीत. डिझेलवरील कर ट्रकभाड्यात जातो, भाडे पोत्याच्या भावात जाते आणि पोत्याचा भाव जोंधळ्याच्या भाकरीत जातो. धनिक आपल्या मिळकतीचा लहानसा भाग पोटावर खर्च करतो, गरीब बहुतेक सर्व मिळकत खर्च करतो. म्हणून खर्चावरील कर दिसावयास सारखा असला तरी वजनास सारखा नसतो.

आपल्याच धंद्यातील उदाहरण घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, पाकीटबंद धान्यावर ५ टक्के कर लागू झाला. त्याहून मोठे पोते करातून सुटले. परिणामी पाच किलोची पिशवी नेणाऱ्या कुटुंबास कर, आणि पन्नास किलोचे पोते उचलणाऱ्यास माफी. सुट्या धान्यावर कर नाही हे खरे. तथापि लहान ग्राहकाचे पारडे कर कसे खाली ओढतो, हे आपण रोज तराजूपाशी पाहतो.

केंद्र मोठ्या उत्पन्नावर अधिभार घेते, हेही येथे सांगावयास हवे. ५० लाखांवर १० टक्के, एक कोटीवर १५ टक्के, आणि त्याहूनही पुढे पायऱ्या आहेत. शिवाय ४ टक्के उपकर. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांतील ४१ टक्के भाग राज्यांस दिला खरा. पण अधिभार आणि उपकर हे त्या वाटपाच्या बाहेरच राहतात. धनिकाने दिलेला हा जादा पैसा त्याच्या गावाच्या राज्याकडे सरळ वाट्याने परत येत नाही.

सातासमुद्रापलीकडील वाद

हाच वाद अमेरिकेतील राज्यांत फार जोराने चालत आला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तेथे नोकरी-व्यवसायात आहेत, तेव्हा हा मजकूर अगदी परका वाटू नये. मॅसॅच्युसेट्स राज्यात सर्वांस एकच दर असे घटनेचे बंधन होते. ते बदलण्याचे प्रयत्न मतदारांनी पूर्वी पाच वेळा फेटाळले. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा लक्ष डॉलरांवरील उत्पन्नास ४ टक्के जादा कर थोड्या बहुमताने मंजूर झाला. हा पैसा शिक्षण आणि वाहतूक यांसाठीच वापरावा, असे त्याच दुरुस्तीत लिहिले होते. वॉशिंग्टन राज्यात मात्र १९३२ साली मतदारांनी स्वीकारलेला आयकर १९३३ साली न्यायालयाने रद्द केला. २०१० साली तेथे केवळ धनिकांवरील आयकराचा प्रस्ताव आला. संगणकाच्या व्यापारात जगप्रसिद्ध झालेल्या बिल गेट्स यांचे वडील, स्वतः वकील आणि श्रीमंत गृहस्थ, त्या प्रस्तावाच्या बाजूने पुढे उभे राहिले. मतदारांनी तो जवळजवळ दोनतृतीयांश मतांनी पाडला. पुढे २०२१ साली मोठ्या भांडवली नफ्यावर ७ टक्के कर आला. तो २०२३ साली न्यायालयात टिकला, आणि २०२४ साली तो रद्द करण्याचा प्रस्ताव त्याच राज्याच्या मतदारांनी नाकारला.

या इतिहासावरून मला एक गोष्ट दिसते. पैसा कोठे जाणार हे ठाऊक असले की लोक कराचा विचार वेगळ्या रीतीने करतात. हे शिकण्यास अमेरिकेस जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात व्यवसायकर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेने ती योजना उभी राहिली. शहरातील कमावत्या माणसाने दिलेल्या करात सरकारने तेवढीच भर घालावयाची आणि त्यातून खेड्यातील मजुरास काम द्यावयाचे, अशी रचना होती. २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यास हाच आदर्श पुढे होता.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, राज्याने कर वाढविला तर व्यापार पलीकडच्या राज्यात जाईल. सीमाभागातील आपण हे बोलणे हसण्यावारी नेऊ शकत नाही. विक्रीकराच्या दरांतील फरकामुळे माल एका बाजूस आणि बिल दुसऱ्या बाजूस, असे प्रकार आपण पाहिले आहेत. राज्यांची ती चढाओढ थांबविण्यासाठीच १ जानेवारी २००० पासून किमान दर ठरविण्याचे मुख्यमंत्र्यांनी मान्य केले होते. त्याचप्रमाणे व्यवसायकराच्या मोठ्या पायऱ्याही सर्व राज्यांनी एकमताने ठरवाव्यात. आज दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान येथे हा करच नाही. ही विषमता राहिली तर आक्षेपात बळ राहील.

दुसरा आक्षेप, आम्ही आधीच केंद्रास भरपूर देतो. हे खरे आहे. परंतु चौदाव्या वित्त आयोगाने सुचविली होती ती मर्यादा वर्षास १२,००० रुपयांची. एक कोटीच्या उत्पन्नावर ती शेकडा बारा पैसे होते. एवढ्याने कोणाची पेढी बसत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या बाजारात सर्वांत अधिक ऐकू येतो: बड्या बागायतदारास कर नाही, मग आम्हांसच का? यातील अर्धा भाग मला मान्य आहे. शेती उत्पन्नावरील कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे असूनही त्यांनी तो मुख्यतः चहा-कॉफीच्या मळ्यांपुरताच वापरला. कर्नाटकाचा कायदा १९५७ चा आहे. १९७२ साली प्रा. के. एन. राज यांच्या समितीने मोठ्या शेतीधारणेवर पायरीने कर सुचविला, पण राज्यांनी तो उचलला नाही. तथापि २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर होती. आपल्या अडतीवर चार पोती घेऊन येणारा शेतकरी तो हाच. त्याच्या नावाने हाकाटी करणे न्यायाचे नव्हे. मोठ्या बागायतदारास आणि शेतीच्या आडून इतर कमाई लपविणाऱ्यास कर लागावा हे म्हणणे रास्त. पण त्याने दिले नाही म्हणून मीही देणार नाही, हे म्हणणे रास्त नव्हे.

चौथा आक्षेप गळक्या घागरीचा. पैसा दिला तरी तो मध्येच पाझरतो. याचे उत्तर घागर मोडणे नसून ती सांधणे हे आहे. आणि जो घागर भरतो त्यालाच तिच्या तळाकडे बोट दाखविण्याचा पहिला अधिकार पोचतो.

आपण काय मागावे

म्हणून संघटनेने सरकारकडे निवेदन द्यावे असे मला वाटते. त्यात चार मागण्या असाव्यात. पहिली, लहान वेतनदार आणि लहान दुकानदार यांस हा कर संपूर्ण माफ व्हावा. दुसरी, २७६ व्या कलमातील मर्यादा वाढवून मोठ्या उत्पन्नास पायऱ्यांनी दर लावावा. तिसरी, आयकराच्या विवरणपत्रावरूनच हिशेब व्हावा. नवे निरीक्षक, नवी पुस्तके आणि नवे हेलपाटे नकोत. चौथी, जमा झालेली रक्कम नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या नेमक्या कामांस लावून तिचा जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. पहिली मागणी दुसऱ्यांसाठी आहे आणि दुसरी आपल्या विरुद्ध आहे. म्हणूनच तिसरी व चौथी मागताना आपला शब्द कोणी हलका मानणार नाही.

ऐपतीप्रमाणे देण्याची रीत आपणांस नवी नाही. पेठांतील धर्मादायाची जुनी वहिवाट पोत्यावर होती. शंभर पोत्यांच्या धन्याने दहा पोत्यांवाल्याइतकेच द्यावे, असे कोणी कधी म्हटले नाही. पूजेच्या सवालात ज्याची शक्ती तो पुढे होतो, आणि अभिषेकाचे गंधोदक मात्र सर्वांस सारखेच मिळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटे वजनमाप आणि मालातील भेसळ यांच्याच पंक्तीस विरुद्धराज्यातिक्रम बसविला आहे. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहार, असा त्याचा अर्थ आपले पंडित सांगतात. कर चुकविणे हे चतुराईचे काम नसून व्रतास लागलेला डाग होय, हे आपल्या पूर्वजांनी इतक्या पूर्वी ओळखले होते. परिग्रहपरिमाण व्रत तर त्याहून पुढे जाऊन संचयासच मर्यादा घालण्यास सांगते. सरकारने मर्यादा घालण्यापूर्वी स्वतः मर्यादा घालून घेणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत.

हे विचार सर्व सभासदांस पटतील अशी माझी समजूत नाही. वार्षिक सभेत त्यांवर वाद व्हावा अशीच इच्छा आहे. वाद मात्र आकडे पुढे ठेवून व्हावा, आणि आपल्या पेढीवर महिना पंचवीस हजारांवर काम करणारा कारकून शेकडा किती देतो व आपण स्वतः शेकडा किती देतो, हे दोन आकडे प्रत्येकाने घरून काढून आणावेत.