बेताच्या पैशांत खेळाचा संगणक

धानाचे चुकारे हातीं पडले, कीं वर्षभर खोळंबलेल्या खरेदीच्या गोष्टी घराघरांतून निघूं लागतात. चुलबंद व वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील लाखांदूर तालुका हा धानाचाच मुलूख. तेथेंहि रीत हीच. या खरेदींत आतां एखाद्या घरीं एक नवी वस्तु शिरते, ती म्हणजे मुलानें हट्टानें मागितलेला, खेळ खेळतां येतील असा संगणक. मग नागपुरांत किंवा पुण्यांत नोकरीस असलेल्या मामास फोन येतो, आणि शहरांतील सुशिक्षित माणसास यंत्रांतलें सर्व कळतें, या भाबड्या समजुतीनें निवडीचा सगळा भार त्याच्यावर टाकला जातो. पन्नास हजार रुपये ही रक्कम मामाच्या पगाराच्या मानानें मोठी नसेल. पण धानाच्या बांध्यांतून ती निघते तेव्हां ती लहान नसते. निवड फसली, तर पुढील दोन-तीन हंगामांत दुसरा संगणक येण्याची आशा नाहीं.

भाच्यानें बहुधा एक जाहिरात आधींच पाहून ठेविलेली असते. ‘कोअर आय ७, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, रंगीत दिव्यांचें कॅबिनेट’ असें तींत लिहिलेलें असतें, आणि किंमत पंचवीस हजारांच्या आंत असते. येथेंच सावध झालें पाहिजे. आय ७ हें घराण्याचें नांव आहे, पिढीचें नव्हे. त्या घराण्यांतील आय ७ २६०० हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्यें बाजारांत आला. तोहि आय ७ च. त्याच्यानंतर अकरा वर्षांनीं, २०२२ च्या आरंभीं निघालेला आय ३ १२१००, नांवानें धाकटा असूनहि, कामांत त्याला सहज मागें टाकतो. जाहिरातींतील ‘चार जीबी ग्राफिक्स’ हें पुष्कळदां २०१४ मधील जीटी ७३० सारखें कार्ड असतें. त्यावर स्मृति चार जीबी असेलहि; परंतु कोठार मोठें असलें म्हणून बैल जोरकस होत नाहीं. शिवाय इतक्या जुन्या प्रोसेसरांस विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं, आणि विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय खेळ सुरू होण्यापूर्वीं यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-योजना आहे कीं नाहीं हें तपासतो. म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न ‘आय ७ आहे का?’ हा न विचारतां ‘पुढचा पूर्ण आंकडा काय?’ हा विचारावा. उत्तर टाळलें गेलें, तर दुकान बदलावें.

खेळाला एवढें बळ कां लागतें, हें समजून घेतलें म्हणजे खर्चाची विभागणी आपोआप सुचते. सर्वसाधारण मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० असे बिंदु असतात. म्हणजे एकंदर वीस लक्षांहून अधिक. चित्र हलतें आणि अखंड दिसावें यासाठीं तें सेकंदास निदान साठ वेळां नव्यानें रंगवावें लागतें. हा हिशेब सेकंदास बारा कोटी चव्वेचाळीस लक्ष बिंदूंचा झाला, आणि प्रत्येक बिंदूचा रंग, उजेड व सावली यांचें गणित निराळें. प्रोसेसर हा या कामीं अनुभवी शेतकऱ्यासारखा आहे. कोणत्या बांधींत केव्हां पाणी सोडावें हें तो उत्तम जाणतो, परंतु सगळी रोवणी एकट्यानें उरकूं शकत नाहीं. रोवणीला बायांची लांबच लांब रांग लागते. ग्राफिक्स कार्ड ही ती रांग होय. रेडिऑन आरएक्स ६६०० या २०२१ मधील मध्यम कार्डांत असे १७९२ लहान गणक एकाच वेळीं राबत असतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें सिद्ध झालेला परम ८००० हा महासंगणक सेकंदास सुमारें शंभर कोटी गणितें करूं शकत असे. या कार्डाची कमाल गति आठ-नऊ लक्ष कोटींच्या घरांत जाते. दोन्ही ठिकाणचीं गणितें अगदीं एकाच जातीचीं नव्हत, हें खरें. तरी अंतर केवढें पडलें याची कल्पना यावरून येते.

आतां पन्नास हजारांचा प्रश्न. हें कार्डच २०२५ मध्यें वीस-बावीस हजारांच्या आसपास मिळत होतें. तें पहिल्याच दिवशीं घ्यावयाचें ठरविलें, तर मॉनिटर धरून पन्नास हजारांत हिशेब बसत नाहीं, आणि मग काटकसर नेमकी जेथें करूं नये तेथें होते. त्यापेक्षां खरेदी दोन हप्त्यांत करावी हें शहाणपणाचें. पहिल्या हप्त्यांत रायझेन ५ ५६००जी सारखा, ज्याच्या पोटांतच चित्रें रंगविण्याची सोय आहे असा प्रोसेसर घ्यावा. त्यावर व्हॅलोरंटसारखे हलके खेळ चांगले चालतात. जड खेळांस मात्र तो पुरा पडत नाहीं. पुढें एखाद्या हंगामांत ग्राफिक्स कार्डाची भर घातली, म्हणजे जुन्यांतलें कांहींहि फुकट जात नाहीं. या योजनेंत रॅम एक सोळा जीबीची न घेतां आठ-आठच्या दोन घ्याव्या. पोटांतील ग्राफिक्सला स्वतःची निराळी स्मृति नसते. ती रॅममधूनच काम भागविते. दोन कांड्या असल्या, कीं ये-जा करण्यास दोन वाटा होतात, आणि खेळाच्या गतींत पडणारा फरक डोळ्यांस दिसतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकीं फार चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड गणनगृहांची मागणी वाढली. तेव्हां अंदाजपत्रक करतांना जुन्या भावांवर विसंबूं नये. घरीं बऱ्यापैकीं टीव्ही असेल, तर मॉनिटरहि कांहीं काळ लांबणीवर टाकतां येतो. आईच्या मालिकेची वेळ आणि मुलाच्या खेळाची वेळ एकच असली, तर तो तंटा अर्थातच घरांतल्या घरांत मिटवावा लागेल.

काटकसर करूं नये असें जें ठिकाण वर सुचविलें, तें म्हणजे पॉवर सप्लाय. रंगीत दिवे नसलेली ही लोखंडी डबी कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. आपल्याकडील विजेचा ठरीव दाब २३० व्होल्ट. परंतु खेड्यापाड्यांत पंप सुरू झाले कीं तो खालीं येतो, आणि गेलेली वीज परत येतांना झटका देते. स्वस्त डबीवर ‘५०० वॅट’ असें ठळक छापलेलें असतें, पण तेवढा भार ती पेलीलच असा भरंवसा नसतो. आणि ती जळते तेव्हां कित्येकदां एकटी जात नाहीं, मदरबोर्डास व साठवणीच्या एसएसडीस बरोबर घेऊन जाते. कार्यक्षमतेची ‘८० प्लस’ ही खूण असलेली, नांवाजलेल्या कंपनीची ५५० वॅटची डबी घ्यावी. एवढीची गरज आज नसते. प्रोसेसर ६५ वॅटचा, पुढें येणारें कार्ड १३२ वॅटचें, सर्व मिळून भार तीनशेंच्या आंत. उरलेली सवड टिकाऊपणाच्या खात्यांत जमा धरावी. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलें असलें, तरी प्रत्यक्ष भार साधारण ३६० वॅटचाच झेपतो, हेंहि ध्यानीं ठेवावें. आणि संगणकाआधीं घरचें अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें. तीन पिनांचा प्लग आहे, म्हणून तिसरी तार जमिनींत पोंचलीच आहे असें नाहीं. कॅबिनेटला हात लागतांच मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर दोष यंत्राचा नसून बहुधा भिंतीचा असतो. आणि तो मुलाच्या जिवावर बेतूं शकतो.

वापरलेलें ग्राफिक्स कार्ड घ्यावें कीं नाहीं, यावर मतभेद आहेत. इथेरियम या आभासी चलनाची खाणकामाची पद्धत १५ सप्टेंबर २०२२ रोजीं बंद झाली, आणि रात्रंदिवस राबलेलीं असंख्य कार्डें जगभर जुन्या बाजारांत आलीं. अशीं कार्डें सर्वच वाईट असतात असें नव्हे. पंखे थकलेले असतात, तें बदलतां येतें. परंतु डोळ्यांसमोर अर्धा तास जड खेळ चालवून दाखविल्याशिवाय पैसे देऊं नयेत. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्त पडतात. त्यांच्या अरुंद पेटींत मात्र मोठें कार्ड मावत नाहीं, आणि जोडपट्टींतून ७५ वॅटहून अधिक वीज मिळत नसल्यानें जीटीएक्स १६५० सारख्या लहान कार्डावरच थांबावें लागतें.

विदर्भाच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीसवर जातो; त्यांत धान-गिरणीचा कोंडा. म्हणून कॅबिनेटला पुढून जाळी असावी, आणि ती पंधरवड्यास झाडावी.

राहतां राहिली ने-आण. लाखांदूर नागपूरहून शंभराहून अधिक किलोमीटर, आणि जवळचें रेल्वे स्टेशन वडसा. सीताबर्डीवर जुळवून घेतलेलें यंत्र एस. टी. नें न्यावयाचें असेल, तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यांत निराळें न्यावें. खड्ड्यांच्या धक्क्यांनीं जड कार्ड आपली खाच तोडतें. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेलें जीएसटीचें पक्कें बिल घ्यावें, तें भाच्याच्या नव्हे तर त्याच्या वडिलांच्या हवालीं करावें, आणि खोकीं निदान हमीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीं.