प्रोग्राम उघडत नाही तेव्हा

आमच्या ओळखीचे एक औषधविक्रेते आहेत. महिन्याची १८ तारीख, जीएसटीचं विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचं, आणि दुकानातला हिशेबाचा प्रोग्राम काही उघडेना. चिन्हावर क्लिक केलं की 'फाइल सापडत नाही' असा निरोप. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून टाकू." काकांनी 'हो' म्हणण्याआधी मला फोन केला, म्हणून तीन वर्षांचे हिशेब वाचले.

ज्या फाइलच्या नावाला 'डॉट ईएक्सई' असं शेपूट असतं, ती प्रोग्राम चालवणारी फाइल. हिशेब तिच्यात नसतात, ते वेगळ्या फाइलींत असतात. स्वयंपाकी आजारी पडला म्हणून कोठारातलं धान्य कुणी फेकून देत नाही. तेव्हा आधी हिशेबाच्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची, मग बाकीचं.

नंतर निरोप नीट वाचावा. बहुतेक जण तो न वाचताच 'ओके' दाबतात! त्यात नाव लिहिलेलं असतं. फाइल तिच्या जागी आहे का, ते पाहावं. काकांच्या संगणकावर ती नव्हतीच. अँटिव्हायरसनं संशयावरून तिला उचलून कोठडीत टाकलं होतं. विंडोजमध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी'त अशा कैद्यांची नोंद मिळते आणि तिथून सुटकाही करता येते. पण संशय खराही असू शकतो. म्हणून आम्ही प्रोग्राम बनवणाऱ्यांना विचारलं आणि त्यांच्याकडूनच ताजी प्रत घेऊन बसवली.

निरोपातलं नाव 'डीएलएल'नं संपत असेल, तर प्रोग्राम शाबूत असून त्याचा मदतनीस हरवलेला असतो. 'व्हीसीरनटाइम१४०' हे नाव पुष्कळांनी पाहिलं असेल. तो 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' या संचातला. तो संच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सुटी डीएलएल भलत्याच ठिकाणाहून उतरवून घेऊ नये. तिच्याबरोबर काय येईल, याचा नेम नाही.

फाइल जागेवर आहे, पण बिघडली आहे, हे कसं ओळखायचं? विंडोजच्या एक्झी फाइलची पहिली दोन अक्षरं 'एम' आणि 'झेड' असतात. डॉससाठी ही रचना करणारे मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की, त्यांच्या नावाची ही आद्याक्षरं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पुढचं सगळं अगम्य दिसतं, पण ही जोडी आरंभी नसेल तर फाइल बिघडली म्हणून समजा. जोडी दिसली म्हणजे फाइल धडधाकट, असं मात्र नाही. आणि पाहून झाल्यावर 'सेव्ह' करू नका, नाहीतर चांगली फाइलही बिघडेल.

खुद्द विंडोजच्याच फाइली बिघडल्या असतील, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी', मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लगेच 'स्कॅननाऊ' अशी आज्ञा द्यावी. एक्सपीच्या काळी यासाठी सीडी शोधत बसावं लागे.

आज एक फाइल नीट केली, आठवड्यानं दुसरी बिघडली, असं होऊ लागलं तर संशय डिस्कवर घ्यावा. काकांची डिस्क ठणठणीत निघाली. विवरणपत्र १९ तारखेच्या रात्री गेलं.