काळ्या दाढीवर फेसाचा उतारा
अनुबियासच्या पानाच्या कडेला काळे केस उगवले, की मत्स्यटाकीच्या मालकाची झोप उडते. हे ‘ब्लॅक बिअर्ड’ शेवाळ. नखाने खरवडलं तरी हटत नाही. उतारा मात्र घरच्या औषधपेटीतच असतो: जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड.

फिल्टर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवायचा आणि पाणी स्थिरावलं की सिरिंजने द्रावण अलगद त्या झुपक्यावर सोडायचं. बारीक बुडबुडे फुटू लागतात. काही दिवसांत काळी दाढी गुलाबी पडते, मेली म्हणायची! मग टाकीतले झिंगे तिच्यावर ताव मारतात. औषधाचं उरतं फक्त पाणी आणि ऑक्सिजन.

खरी गोम मात्रेत. शौकीन मंडळी ३ टक्क्यांचं द्रावण ४ लिटर पाण्याला साधारण दीड मिलिलिटर घेतात. आपल्या केमिस्टकडची ‘२० व्हॉल्यूम’ची बाटली मात्र ६ टक्क्यांची, तेव्हा निम्मंच पुरे. हात सैल सुटला तर माशांचे कल्ले भाजतात, मॉस कुजतं.

रोगांवरही पेरॉक्साइड चालतं. अमेरिकेत २००७ मध्ये माशांच्या अंड्यांवरची बुरशी आणि सालमन कुळातल्या माशांचा कल्ल्यांचा जिवाणूजन्य रोग यांसाठी त्याला सरकारी मंजुरी मिळाली. तिथे ३५ टक्क्यांचं तीव्र द्रावण पातळ करून, घड्याळ लावून वापरतात.