यात्रेकरू आणि मागें राहिलेलें दुःख

कंधारच्या माणसास यात्रा म्हटली म्हणजे पंढरीची वारी आठवते, नाहीं तर गांवांतल्याच हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचा उरूस. तेथल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाची यात्रा मात्र लांबची. सप्टेंबरांत श्रीरामपूर तालुक्यांत हरेगांवास, किंवा त्याहून पुढें मुंबईस, वांद्र्याच्या मोत माउलीकडे. निघतांना बहीण नुकतीच विधवा झालेली असेल, तर तिच्याजवळ बसावें कीं जावें? ‘तेथें तुझ्यासाठीं प्रार्थना करीन’ हें उत्तर पुष्कळदां निरोपाचें बोलणें वाटतें. ख्रिस्ती परंपरेंत त्यास निश्चित अर्थ आहे.

मृताच्या आत्म्यासाठीं प्रार्थना निराळी आणि मागें राहिलेल्यांसाठीं निराळी. पहिलीविषयीं पंथांत मतभेद आहे. कॅथॉलिक लोक त्यासाठीं २ नोव्हेंबर हा दिवस पाळतात. प्रॉटेस्टंटांस तें बहुधा मान्य नाहीं. शोकाकुलांसाठीं मात्र दोघेही प्रार्थना करतात. पौलानें मंडळीस देहाची उपमा दिली आहे. एका अवयवाचें दुःख तें सर्वांचें. पायांत कांटा रुतला कीं डोळ्यांत पाणी येतें, तेथें अंतर कोण मोजतो?

दूरच्या स्मरणाचा एक जुना पुरावा इजेरिया या स्त्रीचा आहे. इ. स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास ती सिनाय, यरुशलेम इत्यादि ठिकाणीं फिरली आणि मागें राहिलेल्या ‘भगिनीं’स सर्व लिहून कळवीत गेली. तें लेखन १८८४ सालीं इटलींत आरेत्सो येथें सांपडलें. पवित्र स्थळीं तिचा क्रम ठरलेला असे: प्रार्थना, त्या स्थळाविषयींचा शास्त्रपाठ, स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. तिनें वर्णिलेलें एक स्थळ म्हणजे यरुशलेमाजवळचें बेथानी. लाजराची कबर तेथें दाखवितात. शुभवर्तमानाप्रमाणें येशू तेथें पोंचला तेव्हां लाजरास कबरेंत ठेवून चार दिवस झाले होते. मार्थेनें त्यास तोंडावर सांगितलें कीं, तूं असतास तर माझा भाऊ गेला नसता. दूर राहिलेल्या आप्तास याहून कठोर बोल ऐकावा लागत नाहीं. येशूनें उशिराची सबब सांगितली नाहीं. कबरेकडे जातांना तो रडला. लाजरास उठविणें हें त्यानंतरचें. यात्रेकरूच्या हातीं चमत्कार नाहीं. रडणें मात्र आहे.

वांद्र्यास मेणाचे हात, पाय, घरें, बाळें वाहतात. शोकास तसा आकार नसल्यानें साधी मेणबत्तीच पुरते. नांव मात्र अवश्य घ्यावें. ‘सर्व दुःखितांसाठीं’ या मोघम शब्दांत बहिणीचें दुःख हरवून जातें. कॅथॉलिक यात्रेकरू धर्मगुरूंकडे तिच्यासाठीं मिस्सेचा हेतू देऊं शकतो. मागणेंही तिची स्थिति पाहून असावें: तिला रात्रीं झोप लागो, समाचारास येणारीं माणसें महिन्याभरानेंही येत राहोत, दिराजावांशीं कलह न होवो. दुःखच नाहींसें व्हावें ही मागणी घाईची होय. तें इतक्या लवकर जावें असें तिला स्वतःलाही वाटत नसतें.

प्रार्थनेची वेळ तिला आधीं कळवावी, म्हणजे त्याच घटकेस तीही कंधारांत बसूं शकेल. इजेरियेच्या भगिनींस पत्राची वाट पाहावी लागे. आतां हें काम दूरध्वनीनें क्षणांत होतें. परतल्यावर पहिली फेरी तिच्याच घरीं व्हावी. तेथून आणलेली मेणबत्ती तिच्या हातीं द्यावी, आणि यात्रेची हकीकत तिनें विचारली तरच सांगावी.