विश्लेषण : खांदा निखळल्यानंतर कुंडलिकेत पुन्हा कयाक कधी?

सीबीडी बेलापूरहून गाडीच्या टपावर कयाक बांधून निघालेल्यांचा रस्ता बहुतेकदा कोलाडलाच जातो. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे करत जेमतेम शंभरेक किलोमीटर. नदी इतकी जवळ असली की दुखापतीतून सावरणाऱ्याला घरी बसवत नाही. पण खांदा नुकताच निखळून गेला असेल, तर निघण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

कुंडलिकाच का?

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांचे दगडगोटे उघडे पडतात. कुंडलिकेचे तसे होत नाही. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून टाटांच्या भिरा जलविद्युत केंद्रात येते आणि वीज तयार झाली की कुंडलिकेत सोडले जाते. हे केंद्र १९२७ पासूनचे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच्याच पाण्यावर आज राफ्ट आणि कयाक तरंगतात! पाणी वीजनिर्मितीच्या गरजेनुसार सुटते, बहुतेकदा सकाळी. त्यामुळे आदल्या संध्याकाळी चौकशी केल्याशिवाय निघण्यात अर्थ नाही.

धोका नेमका कुठे?

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेले लिंबू. हात चहूकडे फिरतो तो याच रचनेमुळे, आणि सटकतोही याचमुळे. कयाक कलंडू लागली की माणूस सवयीने वल्हे डोक्यावर नेऊन पाण्यावर टेकवतो. कोपर खांद्याच्या वर, हात मागे, अशा स्थितीत प्रवाहाचा झटका बसला की लिंबू पुढच्या बाजूने बाहेर येते. म्हणून प्रशिक्षक दोन्ही हात छातीसमोर ठेवायला शिकवतात. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता तरुणांमध्ये जास्त असते, हे विशीतल्या मंडळींना सहसा पटत नाही.

झोळी काही आठवड्यांत सुटते, दुखणेही थांबते, आणि इथेच फसगत होते. बळ परतायला साधारण तीन-चार महिन्यांची फिजिओथेरपी लागते. शस्त्रक्रिया झाली असेल तर बऱ्याचदा सहा महिने. दुखल्याशिवाय हात पूर्ण फिरतो का आणि ताकद दुसऱ्या खांद्याच्या जवळपास आली आहे का, हे तारखेपेक्षा महत्त्वाचे. निर्णय अर्थातच अस्थिरोगतज्ज्ञाचा. नंतरही सुरुवात तरणतलावात उलटी कयाक सरळ करण्यापासून, मग संथ पाणी आणि शेवटी कुंडलिका.

प्रवासाचे काय?

गंमत अशी, की नदीआधीच खांद्याला घात होऊ शकतो. व्हाइटवॉटर कयाक वीसेक किलोची. ती टपावर चढवताना हात नेमका नको तिथे, डोक्याच्या वर जातो. हे काम सोबत्यांवर सोडावे. उजवा खांदा दुखरा असेल तर चालकाच्या जागी बसू नये, कारण पट्टा त्याच खांद्यावरून येतो. शेजारच्या आसनावर तो डाव्या खांद्यावरून जातो. मुंबई-गोवा महामार्गावरचे धक्के कुणाला नव्याने सांगायला नकोत.

खांदा तयार नसेल तरी सहल रद्द करण्याचे कारण नाही. मात्र काठावरून बचावाचा दोर फेकण्याचे कामही अंगावर घेऊ नये. वाहत्या माणसाचा ओढा थेट खांद्यावरच येतो. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली असेल, तर वरच्या टोकाला सगळ्यांना सोडून गाडी खालच्या टोकाला आणून ठेवणारा माणूस प्रत्येक टोळीला हवाच असतो.